कॉइल-ओव्हर सस्पेन्शनची जुळणी आणि हत्यारांची निवड

हत्याराची निवड हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा उपस्थित केला जात नाही. स्प्रिंगचे गणित तेथे असते, घर्षणाचे नियम असतात, मळसूत्राची कार्यक्षमता काढण्याची उदाहरणेही असतात. परंतु हे सारे ज्ञान ज्या क्षणी एका पान्याच्या रूपाने कारागिराच्या हातात येते, त्या क्षणाचा विचार बहुधा कारागिरावरच सोपविलेला असतो. प्रस्तुत लेखात मोटारीच्या कॉइल-ओव्हर सस्पेन्शनची जुळणी हा एक मर्यादित विषय घेऊन त्या क्षणाचा विचार करावयाचा आहे. येथे मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा की, या कामात फिरवण्याचे हत्यार दुय्यम आहे. भार उतरवण्याचे, स्वच्छ करण्याचे आणि मोजण्याचे साधन प्रथम आले पाहिजे. हा क्रम उलटला तर पान्याचा दांडा लांब लांब होत जातो, आणि अखेर कॉलर, आटे अथवा कारागिराचा हात यांपैकी काहीतरी निकामी होते.

१. रचनेचा परिचय

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधील लवचीक जोडणीस सस्पेन्शन म्हणतात. तीत दोन घटक आवश्यक असतात. पहिला स्प्रिंग, ती भार तोलून धरते व धक्क्याची ऊर्जा तात्पुरती साठविते. दुसरा धक्काशोषक, तो त्या ऊर्जेचे तेलातील घर्षणाद्वारे उष्णतेत रूपांतर करून गाडीचे हिंदकळणे थांबवितो. वेटोळी स्प्रिंग धक्काशोषकाच्या भोवती, त्याच्याच अक्षावर बसविली म्हणजे जी रचना होते तिला कॉइल-ओव्हर असे नाव आहे. मोटारींच्या व्यवहारात हे नाव विशेषतः ज्या शोषकाच्या नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात व ज्याच्या स्प्रिंगची खालची बैठक एका आटेदार कॉलरवर टेकलेली असते, त्या प्रकारास लावतात. कॉलर फिरवली की बैठक वर-खाली सरकते.

आपल्याकडील मोटारींत ही रचना टप्प्याटप्प्याने आली. टांगा, ट्रक व जीप यांचा आधार म्हणजे पोलादी पाटे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वेटोळ्या स्प्रिंगा होत्या, तर मागे पाटेच होते. स्प्रिंग व शोषक यांना एकाच उभ्या खांबात गुंफणारी रचना अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश फोर्ड कंपनीच्या कॉन्सल या गाडीत ती १९५० साली आली. भारतात हा खांब घरोघरी पोहोचविला तो डिसेंबर १९८३ पासून विकल्या जाऊ लागलेल्या मारुती ८०० ने. पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. तिच्या पुढील चाकांना मॅकफर्सन खांब आणि मागील चाकांना शोषकावर बसविलेल्या वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. या गाड्यांत स्प्रिंगची बैठक मात्र स्थिर असते. आटेदार कॉलर ही शर्यतीच्या गाड्यांतून व हौशी मालकांच्या गाड्यांतून आलेली गोष्ट आहे.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी आटेदार कॉलरची मोटार क्वचितच दुरुस्तीला येईल, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच तत्त्वावर चालणारे, स्प्रिंग व शोषक एकाच अक्षावर असलेले साधन तेथील प्रत्येक गॅरेजसमोर उभे असते. ते म्हणजे मोटारसायकलीचे मागील दोन शोषक. अनेक मोटारसायकलींच्या शोषकाला पाच पायऱ्यांची एक फिरती बैठक असते, व ती फिरविण्यासाठी आकड्यासारखा वाकविलेला छोटा पाना गाडीबरोबर मिळतो. पाठीमागे माणूस आणि मांडीवर बियाण्याची थैली घेऊन जावयाचे असेल तर बैठक एक-दोन पायऱ्या चढवावी, एकट्याने जावयाचे असेल तर उतरवावी, असा तिचा उपयोग. मोटारीचा कॉलर व मोटारसायकलची ही पायरी यांचे शास्त्र एकच असल्यामुळे पुढील विवेचन दोहोंनाही लागू पडते. फरक आकड्यांचा आहे.

२. कॉलर फिरवल्याने काय बदलते

हत्यार निवडण्यापूर्वी त्याने काय साधावयाचे आहे याविषयी स्पष्टता हवी. कॉलर वर चढवल्याने स्प्रिंग कडक होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगच्या बाबतीत तो खरा नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार दाबाच्या प्रमाणात स्प्रिंग आखडते, आणि हे प्रमाण तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या व धातू यांवर ठरते. कॉलर यांपैकी कशासही स्पर्श करीत नाही.

एक उदाहरण घेऊ. स्प्रिंगचा स्थिरांक दर मिलिमीटरला ५० न्यूटन आहे आणि एका चाकावर येणारा भार ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतका आहे. गाडी जमिनीवर उभी असता ही स्प्रिंग ६० मिलिमीटर आखडेल. कॉलर १० मिलिमीटर वर चढवला तरी भार तोच राहणार, म्हणून स्प्रिंगची लांबीही तीच राहणार. मात्र तिची बैठक १० मिलिमीटर वर गेल्यामुळे गाडीचा तो कोपरा तितका वर उचलला जाईल. स्प्रिंग चाकापासून आत, तरफेच्या मध्ये कोठेतरी बसविलेली असेल तर हे प्रमाण बदलते. चाक १० मिलिमीटर हलले असता स्प्रिंग ८ मिलिमीटरच हलत असेल, तर कॉलरच्या १० मिलिमीटरने चाकाजवळची उंची साडेबारा मिलिमीटर वाढेल. मॅकफर्सन खांबात हे प्रमाण जवळजवळ एकास एक असते.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. चौरंगाचा एक पाय किंचित उंच असला तर तो ज्या कर्णावर टेकतो त्यावर डुलू लागतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. मोटारीचेही तसेच होते. एका कोपऱ्यातील कॉलर चढवला की त्या चाकावरील व त्याच्या कर्णावर समोर असलेल्या चाकावरील भार वाढतो आणि उरलेल्या दोन चाकांवरील भार कमी होतो; एकूण वजन अर्थातच बदलत नाही. म्हणजे कॉलर हे केवळ उंची बदलण्याचे साधन नसून भार वाटण्याचेही साधन आहे. अंदाजाने फिरविलेला कॉलर गाडी दिसावयास सरळ ठेवूनही ब्रेक लावताच तिला एका बाजूस ओढू शकतो, याचे कारण येथे आहे.

३. पान्यावर किती जोर यावा: एक हिशेब

आता मुख्य प्रश्न. कॉलर फिरविण्यास किती परिबल लागते? समजा, नळकांड्याचा आट्यांवरील व्यास ६० मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर २ मिलिमीटर आहे. एका फेऱ्यात कॉलर २ मिलिमीटर चढेल. आट्यांचा चढ इतका मंद आहे की त्याचा कोन एका अंशाहूनही कमी भरतो. स्वच्छ व तेलाचा हात दिलेल्या धातूंमधील घर्षणांक ०.१५ धरू.

गाडी चाकांवर उभी असताना कॉलरवर ३००० न्यूटनांचा पूर्ण भार आहे. अशा वेळी आट्यांतील घर्षण व चढ यांवर मात करण्यास सुमारे १६ न्यूटन-मीटर परिबल लागेल. स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे कॉलरच्या माथ्यावर घासते. त्याची सरासरी त्रिज्या ३६ मिलिमीटर धरली तर तेथेही सुमारे १६ न्यूटन-मीटर लागतील. एकूण परिबल ३२ न्यूटन-मीटरच्या आसपास येते. या हिशेबाने एका फेऱ्यात कारागिराने केलेले कार्य सुमारे २०० ज्यूल होते. आणि गाडी २ मिलिमीटर उचलण्याचे उपयुक्त कार्य केवळ ६ ज्यूल. याचा अर्थ, शंभरातील सत्त्याण्णव भाग श्रम घर्षणात, म्हणजे आटे झिजविण्यात खर्ची पडले.

हे झाले स्वच्छ आट्यांविषयी. शिरूर अनंतपाळचा परिसर मांजरा खोऱ्यातील काळ्या जमिनीचा आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी शोषून फुगते व वाळताना आकसून घट्ट होते. पावसाळ्यात चाकाच्या कमानीत उडालेला हा चिखल आट्यांच्या चरांत बसतो आणि दिवाळीपर्यंत त्याची खापरी बनते. घर्षणांक दुप्पट, म्हणजे ०.३० झाला असे गृहीत धरले तर लागणारे परिबल ६४ न्यूटन-मीटरपर्यंत जाते. पान्याचा हात कॉलरच्या केंद्रापासून २३० मिलिमीटरवर असेल तर हातास सुमारे २८० न्यूटन, म्हणजे २८ किलो वजनाइतका जोर द्यावा लागेल. चाकाच्या कमानीत, ओणवे होऊन, एका हाताने इतका जोर देणे सोपे नाही. मग दांड्यात लोखंडी पाइप घालण्याचा मोह होतो. पण कॉलरची बाहेरील त्रिज्या ४० मिलिमीटर असेल तर पान्याच्या एकाच दातावर त्या वेळी १६०० न्यूटन बल येते. कॉलर बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. दात खाचेत पूर्ण बसलेला नसेल तर हे सारे बल खाचेच्या काठावर एकवटते, काठ चिरडतो, आणि पुढच्या वेळी दात तेथे टिकतच नाही.

आता हेच काम चाक अधांतरी ठेवून करावयाचे ठरविले तर काय होईल? शोषक पूर्ण ताणला गेल्यावर स्प्रिंग केवळ तिच्या मूळच्या दाबाने कॉलरवर टेकलेली राहते. हा दाब १० मिलिमीटरांचा असेल तर भार ५०० न्यूटन. त्या प्रमाणात परिबल ५.४ न्यूटन-मीटरवर उतरते, हातास लागणारा जोर अडीच किलो वजनाहून कमी भरतो, आणि दातावरील बल १३५ न्यूटन होते. चिखल तसाच ठेवला तरी परिबल ११ न्यूटन-मीटरच्या आत राहते.

या आकड्यांतून निष्पन्न होणारा नियम असा: भार उतरविलेला असताना पान्याला जो जोर लागतो, तो आट्यांच्या स्थितीचा प्रत्यक्ष निर्देशक आहे. कॉलर अडला तर तो काही सांगत आहे. मोठा पाना घेणे म्हणजे ते सांगणे ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करणे होय.

४. हत्यारांचा क्रम

वरील हिशेबावरून साधनांचे पाच वर्ग करता येतात. ते ज्या क्रमाने विकत घ्यावेत त्याच क्रमाने येथे दिले आहेत.

पहिला वर्ग आधाराच्या साधनांचा. गाडी उचलण्यास जॅक, उचललेली गाडी धरून ठेवण्यास पोलादी स्टँड, आणि जमिनीवरील चाकांना लावण्यास अडसर. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्याचे तेल गळले अथवा पाया सरकला तर गाडी सूचना न देता खाली येते. स्टँड सांगाड्याच्या निर्दिष्ट ठिकाणी टेकवावा. पुढील अथवा मागील अक्षाची दोन्ही चाके एकदम अधांतरी घेणे इष्ट, कारण एकच चाक उचलल्यास दोन बाजूंना जोडणारी स्थैर्यदांडी त्या चाकाला वर धरून ठेवते व शोषक पूर्ण ताणला जात नाही. मोटारसायकलीच्या बाबतीत हेच काम मधल्या स्टँडने होते. गाडी त्यावर चढवून मागील चाक उचलले की पायरी सहज फिरते. दोन्ही शोषकांच्या पायऱ्या सारख्या ठेवल्या पाहिजेत.

दुसरा वर्ग स्वच्छतेचा. येथे नायलॉनचा अथवा पितळी तारांचा ब्रश, साबणाचे पाणी व चिंधी एवढ्याने भागते. पोलादी तारांचा ब्रश आट्यांवरील संरक्षक मुलामा खरवडतो. रॉकेल अथवा डिझेल रबरी बुशांना अपायकारक असते. आटे वाळल्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा व जादा तेल पुसून टाकावे. उघड्या आट्यांवर ग्रीस थापण्याची रीत धुळीच्या प्रदेशात हितावह नाही. धूळ व ग्रीस मिळून जो लेप बनतो तो घासणीचेच काम करतो.

तिसरा वर्ग मोजण्याच्या साधनांचा, आणि सर्वांत महत्त्वाचा. पोलादी टेप, व्हर्नियर मापणी, ओळंबा, पाणपातळी व खडू ही साधने अल्पखर्ची आहेत. काम सुरू करण्यापूर्वी टायरांतील हवा निर्दिष्ट दाबाची करून गाडी सपाट जागी उभी करावी, आणि प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे उभे अंतर लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजलेली उंची टायरच्या झिजेने व हवेच्या दाबाने बदलते. चाकाच्या केंद्रापासून मोजलेली बदलत नाही. त्यानंतर कॉलर ते आट्यांचा शेवट हे अंतर व्हर्नियरने मोजावे आणि कॉलरवर खडूची खूण करावी. खूण केली की फेरे मोजता येतात. आणि आट्यांचे अंतर ठाऊक असल्यामुळे फेरे हेच माप होते.

भार मोजण्यासाठी प्रत्येक चाकाखाली ठेवावयाचे चार काटे मिळतात, पण ते महाग आहेत. ग्रामीण भागात ऊस व धान्य तोलणारे वाहनकाटे मात्र सर्वत्र आहेत, आणि त्यांचा उपयोग करता येतो. येथे एक गणिती सूक्ष्मता लक्षात घेतली पाहिजे. पुढील दोन चाके, मागील दोन चाके, डावी दोन व उजवी दोन अशी चार वजने घेतली तरी चार चाकांवरील भार निश्चित होत नाहीत. पुढील व मागील यांची बेरीज आणि डाव्या व उजव्याची बेरीज एकच असल्याने या चार समीकरणांपैकी तीनच स्वतंत्र आहेत. ज्या गोष्टीवर कॉलर परिणाम करतो तो कर्णांमधील भारभेद या वजनांत दिसतच नाही. यासाठी काट्याच्या एका कोपऱ्यावर एकच चाक चढवून पाचवे वजन घ्यावे लागते. मग उरलेली तीन चाके वजाबाकीने निघतात. अर्थात काट्याचा पृष्ठभाग सभोवतालच्या जमिनीशी समतल असला पाहिजे, चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार असला पाहिजे, आणि काट्याची लहानात लहान नोंद किती किलोंची आहे हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष काढला पाहिजे.

चौथा वर्ग फिरवण्याच्या साधनांचा. कॉलरच्या कडेला चौकोनी खाचा असतील तर दाताचा हुक पाना, गोल भोके असतील तर खुंटीचा पाना लागतो. जर्मन मानक क्रमांक १८१० मध्ये हे दोन्ही प्रकार वेगळे दाखविलेले आहेत. ठरावीक त्रिज्येचा पाना कॉलरवर उत्तम बसतो, पण एकाच मापाच्या उपयोगी पडतो. बिजागरीचा पाना अनेक मापांना चालतो, परंतु बिजागरी झिजली की दात तिरपा होतो. निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. पान्याची आतील कमान कॉलरच्या कडेशी सर्वत्र टेकते काय? दात खाचेच्या तळापर्यंत जातो काय? दाताची रुंदी खाचेच्या रुंदीइतकी आहे काय? दांडा २०० ते २५० मिलिमीटरांचा पुरे. कॉलरखाली त्याला जखडणारे दुसरे कडे असते, म्हणून पाने दोन लागतात. एकाने कॉलर धरावयाचा व दुसऱ्याने कडे सैल करावयाचे. काही कॉलर लहान स्क्रूने जखडलेले असतात. तेथे योग्य मापाची ॲलन की आधी वापरावी लागते, आणि हा स्क्रू सैल केल्याविना कॉलर फिरविल्यास आटे ओरबाडले जातात.

पूर्वी काढलेल्या आकड्यांवरून दिसते की आट्यांचा चढकोन घर्षणकोनाहून कितीतरी लहान आहे, म्हणून भाराखाली कॉलर आपण होऊन उतरणार नाही. जखडणाऱ्या कड्याचे काम केवळ कंपनांनी होणारे हळूहळू सरकणे रोखण्याचे आहे. ते उत्पादकाने सांगितलेल्या परिबलापलीकडे आवळण्यात लाभ नाही.

पाचवा वर्ग परिबल दाखविणाऱ्या पान्याचा, म्हणजे टॉर्क पान्याचा. शोषकाच्या माथ्यावरील नट व खालचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या परिबलाने आवळण्यासाठी तो हवा. त्याची तपासणी बारा महिन्यांनी अथवा पाच हजार वापरांनी करावी, असे आंतरराष्ट्रीय मानक ६७८९ सांगते. रबरी बुश असलेले बोल्ट मात्र गाडी पुन्हा चाकांवर उभी केल्यावरच अखेरचे आवळावेत. चाक लोंबत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते.

शोषकाच्या अवमंदनाची जुळणी हा वेगळा भाग आहे. तेथे टिकटिक करीत फिरणारी लहान घुंडी असते. ती बोटांनी अथवा छोट्या स्क्रूड्रायव्हरने पूर्ण बंद करून, तेथून टिका मोजत उघडावयाची असते. पक्कड हे या कामाचे हत्यार नव्हे. आतील सुई व तिची बैठक नाजूक असते.

५. स्प्रिंग दाबण्याच्या साधनाविषयी

एका साधनाचा उल्लेख वर हेतुतः केलेला नाही. ते म्हणजे स्प्रिंग कंप्रेसर. कॉलर फिरविण्यास त्याची जरुरी नसते. स्प्रिंग शोषकावरून उतरवावयाची असेल तरच ती भासते. कारखान्यातून आलेल्या मॅकफर्सन खांबाची स्प्रिंग बदलताना तिला बरेच दाबावे लागते. दर मिलिमीटरला २५ न्यूटन स्थिरांकाची स्प्रिंग १२० मिलिमीटर दाबली तर तीत १८० ज्यूल ऊर्जा साठते. १० किलोचा दगड १.८ मीटर उंचीवरून पडावा तितकी ही ऊर्जा आहे, आणि ती माथ्यावरील एक नट सुटताच क्षणार्धात मोकळी होते. म्हणून दाबण्याचे आकडे स्प्रिंगच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे थोडे आवळले पाहिजेत. स्प्रिंग बैठकीवर सैल झाली आहे हे हाताने हलवून पाहिल्यावरच माथ्याचा नट सोडावा, आणि त्या वेळी खांबाच्या अक्षाच्या रेषेत कोणीही उभे असू नये. तारेने अथवा दोरखंडाने स्प्रिंग आवळून हे काम उरकण्याची काटकसर कोणत्याही गॅरेजला परवडणारी नाही. कंप्रेसर चांगल्या प्रतीचा नसेल तर खांब लातूरसारख्या ठिकाणी, भिंतीवर बसविलेला भक्कम दाबयंत्राचा साचा असलेल्या कार्यशाळेत पाठविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

६. गावातच घडविता येणारे हत्यार

बाहेरून मागविलेला पाना योग्य मापाचा मिळेलच असे नाही. तो लोहारकाम व वेल्डिंगच्या दुकानात घडविता येईल काय, हा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून २५ मिलिमीटर रुंदीचा दांडा कापला, तर ३२ न्यूटन-मीटर परिबलास त्यातील वाकण्याचा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५१ न्यूटन येतो. ६४ न्यूटन-मीटरलाही तो १०२ न्यूटन भरतो. साध्या पोलादाची मर्यादा २५० न्यूटनांच्या आसपास आहे. ५ मिलिमीटर रुंद दातावरील कातरताण दुसऱ्या, अधिक कठीण अवस्थेतही दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटनांपर्यंतच जातो. म्हणजे सामर्थ्य हा या हत्याराचा प्रश्नच नाही. प्रश्न अचूक बसण्याचा आहे. कॉलरचा ठसा कागदावर घेऊन त्याबरहुकूम कमान कापावी व दात कानसीने खाचेच्या मापाचा करावा. तो दात नंतर चिकटविलेला नसावा, अखंड पत्र्यातूनच निघालेला असावा. असा पाना बाजारातील सैल बसणाऱ्या महागड्या पान्यापेक्षा कॉलरची राखण अधिक चांगली करील.

७. जुळणीनंतरची कर्तव्ये

उंची बदलली की चाकांच्या कोनांत बदल होतो. पुढील चाकांचे तोंड आत अथवा बाहेर वळते व टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून शेवटी गाडी काही अंतर चालवून, स्प्रिंग बसल्यावर उंची पुन्हा मोजावी. आणि दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून प्रत्येक पुढील चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेचे अंतर तपासावे. दिव्यांचा झोतही वर-खाली होतो. रात्री समोरून येणाऱ्यास तो डोळ्यांवर येणार नाही, हे पाहणे कर्तव्य आहे.

गाडी खाली उतरविण्याच्या हौसेस रस्त्याचीही मर्यादा आहे. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने सुचविलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंदीचा व १० सेंटिमीटर उंचीचा, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. गावोगावचे गतिरोधक या गोलाईचे असतातच असे नाही. उंची तीच पण रुंदी थोडी, असा उंचवटा आला की खाली उतरविलेल्या गाडीचा तळ प्रथम घासतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. तेव्हा उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेत राहून केलेली जुळणी आणि रचनेतच केलेला फेरफार, यांतील भेद गाडीच्या मालकास आधीच समजावून सांगितला पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार असे मांडता येईल. कॉलर फिरविण्यास लागणारे कार्य जवळजवळ सर्व घर्षणाचे असते. भार उतरवून व आटे स्वच्छ करून ते सुमारे बारा पटींनी कमी करता येते. आणि एवढे केल्यावर साध्या पत्र्याचा, पण अचूक बसणारा पाना पुरेसा ठरतो. जो पैसा लांब दांड्याच्या पान्यावर खर्च व्हावयाचा, तो दोन स्टँड, एक व्हर्नियर व एक टॉर्क पाना यांवर खर्च झाला तर काम अधिक नेमके होईल व कारागीर अधिक सुरक्षित राहील.

यात पदव्युत्तर अभ्यासासाठी एक प्रश्न शिल्लक राहतो. वरील हिशेबात चिखलाने माखलेल्या आट्यांचा घर्षणांक ०.३० गृहीत धरला आहे. काळ्या मातीच्या वेगवेगळ्या आर्द्रतांना तो प्रत्यक्ष किती असतो, हे ज्ञात भाराखालील एक आटेदार नळकांडे, एक कॉलर आणि टॉर्क पान्यास जोडलेला हुक यांच्या साहाय्याने कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येण्यासारखे आहे. साहित्य थोडे लागते, माती दाराशीच आहे, आणि निघालेला आकडा शिरूर अनंतपाळच्या गॅरेजपासून जिल्ह्याच्या तंत्रशिक्षण संस्थेपर्यंत सर्वांच्या उपयोगी पडेल.